महासाथीत सणासुदीला, सुट्टीला प्रवास केलात का? अनुभव लिहा

रानमेवा
काल आमच्या घरच्या ग्रुपवर गणपतीच्या तिकिटांवरून जुंपली. नेहमीचंच, आधी कोण जाणार, गौरी जाईपर्यंत कोण थांबणार. मध्येच धाकट्या भावजींनी टाकलं, 'ज्यांना २०२० साली गावची वाट आठवली नाही त्यांनी आता नियोजन शिकवू नये.' झालं. मध्यरात्र उलटली तरी ग्रुप पेटलेलाच.

त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला होती. १२ तारखेपर्यंत कोकणात पोचलं तर चाचणी नाही, फक्त १० दिवस घरात विलगीकरण. त्यानंतर निघालं तर ४८ तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट हवा. भावजी आणि धाकटी जाऊ अकरालाच कणकवलीकडच्या घरी पोचले. आम्ही डोंबिवलीत राहिलो, कारण सासूबाई आमच्याकडे, त्यांना मधुमेह, आणि वर्षभर घाटकोपरच्या पुढे न गेलेला माणूसही तेव्हा सुरक्षित नव्हता. आरती व्हिडिओ कॉलवर केली. नेटवर्क नेमकं 'घालीन लोटांगण'ला गेलं.

गोची अशी की गेले त्यांनाही काही झालं नाही आणि राहिलो त्यांनाही नाही. म्हणूनच भांडण मिटत नाही. मला अजून वाटतं आम्ही केलं तेच बरोबर. भावजी म्हणतात, आम्ही गेलो नसतो तर घराला कुलूप आणि गणपती भावकीत द्यावा लागला असता, आणि तेही खोटं नाही.

तुम्ही काय केलंत? दिवाळी, मे महिना, गोवा, परदेश, काहीही चालेल. राजकारण नको, प्लीज.

पमी_ठाणे
जिल्ह्याबाहेर जायला लागायचा त्या ई-पासच्या फॉर्मात कारण द्यावं लागायचं ना. आमच्या मजल्यावरच्या एकांची सख्खी आत्या त्या उन्हाळ्यात तीनदा वारली. चौथ्यांदा पास नामंजूर. आत्या आजही खणखणीत आहेत, हळदीकुंकवाला येतात.

डबलडेकर
@पमी हा हा हा
गणपतीत एसटीला पास लागत नव्हता, खाजगी गाडीलाच लागायचा. म्हणून मी गाडी खाली तशीच ठेवून लाल डब्याने गेलो. एका बसमध्ये २२ माणसं. गणपतीच्या एसटीत पाय पसरून झोपलोय हे आता कुणाला सांगितलं तर थाप वाटते.

नको_ते_बोलणारी
आम्ही गेलो नाही. चार माणसांच्या चाचण्या, माणशी दोन हजारांच्या आसपास. सासरे म्हणाले त्या पैशात बाप्पाला चांदीचा मोदक येईल. मोदक पण नाही आला, तो वेगळा विषय.

वाडीवरचो
तुमी सगळे मुंबयची बाजू सांगतास. गावची कोण सांगतलो?
मालवणीत लिहिलं तर निम्मे पळतील, म्हणून साधं लिहितो.

वाडीच्या तोंडावर बांबू आडवे बांधून 'बाहेरील व्यक्तींना प्रवेश बंद' हा बोर्ड लागला एप्रिलमध्ये. तो लावणाऱ्यांत मीही होतो. चाकरमान्यांना राग आला, कारण देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचं छप्पर, भजनमंडळाची पेटी, सगळं त्यांच्या पैशांवर. आणि आता हेच बाहेरचे? रागावणारच. पण आमच्याकडे घरटी एक म्हातारं माणूस, आणि मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर तासाभराच्या वर रस्ता.

मे महिन्यात जे आले त्यांना मराठी शाळेत ठेवलं. १४ दिवस. जमिनीवर गाद्या, डास, दोन संडास. घरचा डबा फाटकाबाहेर ठेवायचा आणि लांब व्हायचं. एका काकांनी स्वतः शिकलेल्या वर्गात मुक्काम केला, फळ्यावर रोज तारीख लिहायचे.

गणपतीत घरातच विलगीकरण झालं. बरं पडलं, पण ताण गेला आशाताईंवर. घरोघर जायचं, ताप बघायचा, ऑक्सिमीटर लावायचा, नोंद करायची. काही घरात तर दारातूनच 'आम्ही ठीक आहोत' म्हणून पिटाळायचे. तुम्ही सणाला आलात, त्या बाईला सण नव्हता. भावजी बरोबर की वहिनी बरोबर यापेक्षा मला ते जास्त आठवतं.

रानमेवा
@वाडीवरचो हे आमच्या ग्रुपवर एकदाही कुणी बोललं नव्हतं.

सुरंगी
वाडीवरचो, कुठची वाडी तुमची? देवगड की काय?

वाडीवरचो
@सुरंगी वेंगुर्ल्याच्या बाजूची. अजून नाय सांगणा, भावकी हय पण आसा.

ओपीडी_नंतर
डॉक्टर आहे, ग्रामीण भागात. घाईत लिहितेय, पुढचा पेशंट आहे.

निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे नमुना घेतला त्या वेळेपुरतं. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला तेव्हा साधारण पाच-सहा दिवस जायचे, कधी १४ पर्यंत. सोमवारी चाचणी, मंगळवारी गच्च गाडीतून प्रवास, बुधवारी 'मी निगेटिव्ह आहे' म्हणत आजीच्या शेजारी जेवायला. असे खूप बघितले. म्हणून १० दिवसांची अट मला रिपोर्टपेक्षा जास्त शहाणपणाची वाटायची, आणि लोक नेमकी तीच मोडायचे.

दुसरं, घोळ रस्त्यात कमी व्हायचा, पोचल्यावर जास्त. आपल्या गाडीत काचा खाली करून आलेलं कुटुंब तसं निवांत असतं. माजघरात पंचवीस माणसं, पावसामुळे खिडक्या बंद, आणि सगळे तोंड उघडून मोठ्याने आरती म्हणतायत, तिथे विषाणूला आणखी काय हवं? ओटीवर, पडवीत केली असती तर निम्मी काळजी मिटली असती. आम्ही हे सांगत होतो. 'देव काय पडवीत बसवायचा?' असं उत्तर मिळायचं. देव आतच राहू दे हो, माणसं बाहेर या.

टाळकरी
@ओपीडी_नंतर भजन बंद होतं आमच्याकडे. बुवा रोज संध्याकाळी एकटे मृदंग वाजवायचे.
बाकी वारीचं बघा ना. २०२० ला आषाढी १ जुलैला होती, माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वडिलांची वारी कधी चुकली नव्हती. टीव्हीसमोर बसून हात जोडले आणि म्हणाले, माउली थांबली, मग मी कोण निघणार. घरात कुणाला समजवावं लागलं नाही.

सुपारीबाग
'जायची काय गरज होती' हे वाक्य मला आजही टोचतं. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हर्णे, सगळा पट्टा उताणा पडला. आमच्या बागेतल्या सुपाऱ्या अर्ध्यातून मोडल्या, घरावरचे पत्रे शेजारच्या विहिरीत. आईबाबा तिथे दोघंच, लाईट नाही, फोन नाही. मी बोरिवलीहून निघालो. रस्त्यात नाक्यावर एक जण म्हणाला, पर्यटनाला निघालात का? मागच्या सीटवर ताडपत्री, दोर आणि मेणबत्त्या.
सुपारी उभी राहून उत्पन्न द्यायला सात-आठ वर्षं जातात. साथ संपली, आमचं अजून संपलेलं नाही.

पमी_ठाणे
@सुपारीबाग बाबा कसे आहेत आता?

सुपारीबाग
बरे आहेत, पुन्हा रोपं लावलीत त्यांनी. मी म्हटलं आता कशाला, तर म्हणे तू खाशील.

तुतारी_वेटिंग
विषयांतर. दादर-सावंतवाडी तुतारी, गणपतीच्या आधीचा शनिवार, वेटिंग ८७. कन्फर्म होईल का?

डबलडेकर
नाही.

सुरंगी
नाही. गणपती स्पेशल सोडतील त्या बघ. २०२० ला पण सोडल्या होत्या, तारखा इतक्या उशिरा ठरल्या की तोवर लोक एसटीने पोचले होते.

तुतारी_वेटिंग
रस्त्याने जाऊ का मग? हायवे झाला का?

वाडीवरचो
कशेडीचो बोगदो झालो. माणगावचा विचारू नको.

दूरदेशी
सिडनीहून. माझा अनुभव कमी मजेचा आहे, चालेल ना?

२० मार्च २०२० ला सीमा बंद झाल्या. बाहेर जायलाही सरकारची परवानगी, परत आलात तर १४ दिवस हॉटेलात बंद, आणि जुलैपासून त्याचे मोठ्या माणसामागे ३००० डॉलर खिशातून. विमानांच्या जागाच इतक्या मोजक्या की परतीचं तिकीट आहे म्हणजे तुम्ही परत येऊ शकाल असं नव्हे. मुलगी दुसरीत. दिवाळीला गेलो नाही. आई म्हणाली, फराळ करते, फोटो पाठवते.

एप्रिल २०२१ मध्ये बाबा नाशिकला आजारी पडले. निघावं असं ठरत होतं तोच जाहीर झालं, ३ मेपासून भारतात राहून येणाऱ्या नागरिकांनाही प्रवेश नाही, आलात तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. स्वतःच्या नागरिकांना! १५ तारखेला उठलं ते, पण बाबा तोवर थांबले नाहीत. धाकट्या बहिणीने एकटीने सगळं केलं. मी फोनच्या पडद्यावर बघितलं.

सिडनी १ नोव्हेंबर २०२१ ला उघडलं. पहिल्या आठवड्यातली तिकिटं काढली होती. त्याला कुणी 'सुट्टीचा प्रवास' म्हणेल, म्हणू दे.

रानमेवा
@दूरदेशी काय बोलू. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत.

नको_ते_बोलणारी
ताई, माझ्या मामांचंही तेव्हाच. नाशिकचंच. नंतर बोलू.

ओपीडी_नंतर
@दूरदेशी तुमच्या बहिणीचीही विचारपूस करत रहा. त्या दिवसांत एकट्याने सगळं केलेली माणसं अजून नीट झोपत नाहीत.

म्हापशेकार
गोव्याचं मी सांगते. आमच्या घराच्या वरच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतो. २०२० च्या २ जुलैपासून पर्यटकांना परवानगी मिळाली, पण तेव्हा कुणी फिरकलं नाही. सप्टेंबरात सीमा मोकळी झाली आणि डिसेंबरला अख्खी दिल्ली, मुंबई आमच्याकडे. तुमच्याकडे शहरांत रात्रीची संचारबंदी, म्हणून इकडे जत्रा. बागा बीचच्या रस्त्यावर मास्क दिसला तर तो विकणाऱ्याचा.

खोल्या भरल्या. खोटं कशाला बोलू, आनंद झाला, कारण मार्चपासून एक रुपया नव्हता आणि बँकेचा हप्ता होता. सासूबाईंना मागच्या खोलीत हलवलं, स्वयंपाकघराचं दार वेगळं केलं. पाहुणे विचारायचे, मावशी कुठायत, त्यांच्या हातचं माशाचं हुमण हवं. मी सांगायचे, गावी गेल्यात.

मग मे २०२१. चाचणी केलेल्यांतले निम्मे पॉझिटिव्ह निघायला लागले. शेवटी कोर्टाने सांगितलं म्हणून १० मेपासून निगेटिव्ह रिपोर्टशिवाय प्रवेश बंद झाला. पत्रादेवीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा. पर्यटक आपापल्या घरी पोचले होते, आम्ही इथेच होतो. पण पर्यटकांनी आणलं म्हणावं तर त्या आधी आमचंच होळीचं शिगमो, आमचीच लग्नं, आमच्याच निवडणुका. कुणाकडे बोट दाखवू?

गडबड_ट्रेकर
हुमण म्हटल्यावर भूक लागली. सोलकढी.
बरं, आमचा ट्रेक ग्रुप. लोक म्हणायचे डोंगरात कुठे कोरोना. डोंगरात नाही हो, पायथ्याच्या घरात जेवतो ना आपण. हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईला ज्या मावशींकडे कायम पिठलं-भाकरी, त्यांनीच फोनवर सांगितलं, बाळांनो येऊ नका, गावाने ठरवलंय. वर म्हणाल्या, पैसेबिसे पाठवू नका. पाठवले. त्यांनी त्यातून नाचणी घेतली आणि पापड करून ठेवले आमच्यासाठी.
त्याच वर्षी भुशी धरणावर बंदी असताना लोक आडवाटेने जाऊन पोलिसांच्या काठ्या खाऊन आले, त्यांच्याबद्दल मला शून्य सहानुभूती.

सहलवाला
छोटा सहलींचा धंदा आहे, नाव सांगत नाही. मार्च २०२० ला काश्मीरचा एक ग्रुप आणि दोन अष्टविनायक रद्द झाले. लोकांचे पैसे विमानकंपनीकडे अडकले, शिव्या मला. माझा ड्रायव्हर वर्षभर टेम्पोत कांदे-बटाटे विकत होता. २०२१ च्या जुलैत मनालीचे गर्दीचे फोटो सगळीकडे फिरले, प्रत्येक जण हसत होता. मी ते फोटो बघून हॉटेलवाल्यांची तोंडं शोधत होतो, ओळखीची.
जाऊ नका म्हणणं सोपं होतं, ज्याचा पगार घरबसल्या येत होता त्याला.

ओपीडी_नंतर
@सहलवाला पटतंय अर्धं. मनालीत त्या दिवसांत जे जमलं ते मला तरी बघवलं नाही. पण तुमच्या ड्रायव्हरला मदत मिळायला हवी होती, हेही खरं. गर्दी करून ती मदत होते का, यावर आपण भांडू शकतो.

सहलवाला
भांडू की. फी किती तुमची?

ओपीडी_नंतर
ओपीडी आहे, केसपेपरचे पैसे.

पमी_ठाणे
कुणी डिसेंबर २०२१ ला गेलेलं का? ओमायक्रॉनवाला. आम्ही दोन्ही डोस घेऊन महाबळेश्वरला गेलो आणि परत आल्यावर जानेवारीत सोसायटीतले सगळेच आडवे, गेलेले-न गेलेले सगळे. कुणी कुणाला बोलायची सोय नाही राहिली. तेवढीच शांतता.

नको_ते_बोलणारी
आमच्याकडे गणपतीची पूजा गुरुजींनी झूमवर सांगितली २०२० ला. एका वेळी अकरा घरं. 'आता हातात फूल घ्या' म्हटलं की कुणाचा तरी कुत्रा भुंकायचा. एक काका म्यूट न करता बायकोला ओरडले ते अकरा घरांनी ऐकलं. पूजा मात्र शास्त्रशुद्ध, सव्वा तासात आटपली.

डबलडेकर
आणि दक्षिणा?

नको_ते_बोलणारी
गूगल पे. पूजा सुरू व्हायच्या आधी. गुरुजी हुशार.

आखाती_अण्णा
गुरुजींचा नंबर मिळेल का? दुबईत आहे, श्रावणात सत्यनारायण करायचाय. वेळ इथल्या साडेसहाची चालेल.