सल्ला हवा आहे: विज्ञानकथेतील ग्रहसंहारक अस्त्र वाचकाला पटेल असे कसे रंगवावे?

धूमकेतू:
नमस्कार. मी एक दीर्घ विज्ञानकथा लिहीत असून तिच्यातील साम्राज्याकडे पृथ्वीएवढ्या ग्रहाच्या क्षणात ठिकऱ्या उडवणारे किरणास्त्र आहे. कच्चा खर्डा वाचून मित्राने "एवढी ऊर्जा आणलीस कुठून?" एवढेच विचारले आणि मी निरुत्तर झालो. तांत्रिक बाजू किती मांडावी आणि त्यासाठी काय वाचावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना वाचक:
मित्राचा प्रश्न रास्त आहे. पृथ्वीचे तुकडे गुरुत्वाकर्षणाने पुन्हा एकत्र येऊ नयेत इतके दूर फेकायचे, तर २ वर ३२ शून्ये इतक्या ज्यूलहून थोडी अधिक ऊर्जा लागते. म्हणजे सूर्य जवळपास आठवडाभर चहूकडे जे उधळतो, ते सगळे गोळा करून एका क्षणात सोडायचे. एवढी ऊर्जा हाताळणारे यंत्र आधी स्वतःच का वितळत नाही, याचेही उत्तर मग तुम्हालाच शोधावे लागेल. त्यापेक्षा ग्रह फोडूच नका. सुमारे १० किलोमीटर व्यासाच्या लघुग्रहाच्या धडकेने ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरांचा निकाल लागला, पृथ्वी मात्र आपल्या कक्षेत फिरत राहिली. असा एखादा लघुग्रह वळवणे साम्राज्याला कितीतरी स्वस्त पडेल. (किरणास्त्राचा झगमगाट जाईल, हे खरे.)

ध्रुवतारा:
वाचनासाठी एच. जी. वेल्स यांची 'द वर्ल्ड सेट फ्री' ही १९१४ची कादंबरी सुचवतो. तिच्यातील अणुबॉम्ब एकदाच फुटून शांत होत नाहीत, तर धगधगत राहतात आणि दर १७ दिवसांनी त्यांची धग निम्म्यावर येते. तपशील एवढाच, पण अस्त्र टाकल्यानंतरचे दिवस त्यामुळे अंगावर येतात. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी ही कादंबरी १९३२मध्ये वाचली आणि पुढच्याच वर्षी त्यांना अणुकेंद्रीय साखळी अभिक्रियेची, म्हणजे खऱ्या अणुबॉम्बमागच्या प्रक्रियेची, कल्पना सुचली. आकडे मोजकेच द्यावेत, पण दिलेला आकडा शेवटच्या पानापर्यंत पाळावा.

धूमकेतू:
दोघांचेही आभार. किरणास्त्र रद्द केले. वळवलेला लघुग्रह पोहोचायला ११ वर्षे लागतील असे ठरवले असून, आदेश देणारा सम्राट चौथ्या वर्षीच मरतो. आदेश मागे घेण्याचा अधिकार त्यानंतर कोणाकडे ठेवावा, यावर काही सुचत असल्यास जरूर लिहावे.