म्युनिकहून व्हिएन्ना, चार दिवस, सोबत १८ किलोची इंडी (देशी कुत्री): काय काय तयारी लागेल?

म्युनिकची_पुणेकर

सप्टेंबरअखेर (२५ ते २९) आम्ही दोघं ट्रेनने व्हिएन्नाला जातोय. साडेचार वर्षांची इंडी कुत्री सोबत आहे. वजन १८ किलो, माणसांशी छान, मोठ्या आवाजाला बिचकते. पुण्याहून येताना बसवलेली १५ अंकी चिप आहे आणि युरोपीय पासपोर्ट इथल्या डॉक्टरांनी करून दिला आहे. पासपोर्टवर रेबीजची मुदत २७ सप्टेंबरपर्यंत दिसते.

विचारायचं हे की कागदपत्रांत अजून काय लागेल, ट्रेनमध्ये मुसकं खरंच घालावं लागतं का, आणि शहरात तिला घेऊन नक्की काय बघता येतं? तिने आजवर मुसकं कधीच घातलेलं नाही. म्युझियमं आम्हाला बघायची आहेत, पण तिला दिवसभर खोलीत कोंडायचं नाही.

गोचीडवैरी (पशुवैद्यक)

आधी ती २७ तारीख बघा, बाकी सगळं नंतर. बूस्टर २७ सप्टेंबरच्या आत दिला तर तो आधीच्या लसीला जोडून धरतात आणि वाट बघावी लागत नाही. एक दिवस जरी उशीर झाला तरी तीच सुई "पहिली लस" ठरते आणि पुढचे २१ दिवस कुत्र्याला सीमा ओलांडता येत नाही. तुमची मुदत सहलीच्या मध्येच संपते, म्हणजे जाताना कागद बरोबर आणि येताना चूक. ऑगस्टमध्येच बूस्टर द्या. मुदत लसीच्या उत्पादकाने ठरवलेली असते. जर्मनीत मिळणाऱ्या बऱ्याच लसी तीन वर्षांच्या असतात, पण डॉक्टरांनी पासपोर्टात "पर्यंत वैध" या रकान्यात जे लिहिलं तेच खरं. दवाखान्यातून निघण्यापूर्वी तो रकाना, शिक्का आणि सही स्वतः वाचा.

त्याच भेटीत चिप स्कॅन करून घ्या. चिप मानेपासून सरकून खांद्यापर्यंत गेलेली असू शकते आणि घाईत स्कॅन करणाऱ्याला ती सापडत नाही. नुसती चिप असून भागत नाही, तिचा नंबर नोंदवलेला हवा. जर्मनीत टासो या प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंदणी मोफत होते. तिथे प्रवासात चालू असेल तोच मोबाइल नंबर द्या. पुण्याचा जुना नंबर राहून गेला असेल तर चिपचा उपयोग शून्य.

ऑस्ट्रियासाठी जंताच्या गोळीची सक्ती नाही. ती फिनलंड, आयर्लंड, माल्टा, नॉर्वे आणि ब्रिटनला जाताना लागते, तीही पोचण्याआधी २४ ते १२० तासांत डॉक्टरसमोर देऊन नोंदवलेली.

गोचिडांकडे मात्र दुर्लक्ष नको. पूर्व ऑस्ट्रियात गोचिडांमुळे बॅबेसिओसिस होतो, त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गोचिडांचं औषध निघण्याच्या आठवडाभर आधी द्या. परतल्यावर ताप, सुस्ती किंवा लघवीचा रंग गडद दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि "व्हिएन्नाला जाऊन आलो" हे आवर्जून सांगा.

रूळसोबती

ट्रेनचं मी सांगतो. म्युनिक ते व्हिएन्ना रेलजेटने साधारण चार तास. पिशवीत किंवा पेटीत मावणारं छोटं कुत्रं फुकट जातं. १८ किलोच्या कुत्रीला तिकीट लागतं, दुसऱ्या वर्गाच्या निम्म्या दराने. पट्टा आणि मुसकं दोन्ही सक्तीचं. टीसी अनेकदा काही बोलत नाही, पण शेजारच्या प्रवाशाने तक्रार केली की मुसकं घालावंच लागतं. म्हणून "लागलं तर घालू" असा विचार करू नका. जिला सवय नाही अशी कुत्री त्या क्षणी पंजाने ते ओरबाडून काढते.

मुसकं जाळीचं, टोपलीसारखं घ्या. कापडी नळीसारखं येतं ते घेऊ नका. कुत्र्याचा घाम म्हणजे त्याचं धापा टाकणं, आणि कापडी मुसक्यात तोंड उघडत नाही. गरम डब्यात तासाभरात कुत्र्याला त्रास होऊ शकतो. माप असं घ्या: नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या किंचित खालपर्यंत लांबी, त्यात एक सेंटिमीटर जास्त. घेर मोजताना तोंड मिटलेलं नको. ती धापा टाकत असताना टेप लावा. घातल्यावर तिला जीभ बाहेर काढता आली पाहिजे आणि पाणी पिता आलं पाहिजे.

सवयीला तीन आठवडे धरा. पहिले चार-पाच दिवस पट्टी बांधूच नका. जाळीच्या आत दही चोपडायचं आणि तिने आपणहून तोंड घालायचं. मग पाच सेकंद बांधा, मग अर्धा मिनिट, मग पाच मिनिटं, पुढे फिरायला नेताना वीस मिनिटं. शेवटच्या आठवड्यात म्युनिकच्याच ट्रॅममध्ये दोन-तीन थांबे न्या. सर्वांत मोठी चूक इथेच होते: कुत्रं मुसकं ओरबाडू लागलं की लोक दया येऊन लगेच काढतात. कुत्रं शिकतं की ओरबाडलं की सुटका. ती दोन सेकंद शांत उभी राहिली की मगच काढा.

सीट चार जणांच्या टेबलाजवळची घ्या, पायाशी जागा जास्त मिळते. लहान मुलांच्या डब्यापासून लांब बसा. तिची नेहमीची चादर खाली अंथरा. निघण्याच्या तीन-चार तास आधी शेवटचं खाणं, पाणी मात्र थोडं थोडं चालू ठेवा. झाल्ट्सबुर्गला गाडी थांबते, पण तिथे उतरवू नका, वेळ पुरत नाही. व्हिएन्नाला पोचलात की स्टेशनच्या शेजारच्या श्वायत्सरगार्टन बागेत आधी जा, मग हॉटेल.

दुनावकाठची

शहराचं मी लिहिते.

रस्त्यावर पट्टा किंवा मुसकं यांपैकी एक हवंच. मेट्रो, ट्रॅम, बस आणि गर्दीच्या ठिकाणी मुसकं लागतंच, म्हणून ते कायम पिशवीत राहू द्या. मेट्रोतही पिशवीत न मावणाऱ्या कुत्र्याला निम्म्या दराचं तिकीट. सरकत्या जिन्यावर नेऊ नका. पायऱ्यांच्या फटीत नखं आणि बोटं अडकतात, जखमा वाईट होतात. इथल्या सगळ्या मेट्रो स्थानकांना लिफ्ट आहे.

स्टेफान चर्च, राजवाडे, म्युझियमं यांच्या आत कुत्र्यांना प्रवेश नाही. बागांचे नियम वेगवेगळे आहेत, फाटकावरची पाटी वाचूनच आत शिरा. राजवाड्याची बाग आहे म्हणून सोडतील असं गृहीत धरू नका. पण व्हिएन्नाचं अर्धं वैभव बाहेरूनच दिसतं. रिंगश्ट्रासे या जुन्या शहराभोवतीच्या रस्त्याचा फेरा साधारण पाच किलोमीटर आहे. ऑपेरा, हॉफबुर्ग, संसद, टाउनहॉल सगळं त्यावरच. सकाळी साडेसहाला निघालात तर रस्ता रिकामा असतो आणि कुत्रीही निवांत चालते.

तुमची कुत्री बिचकते म्हणून एक मुद्दाम सांगते. स्टेफान्सप्लाट्झ, हेल्डनप्लाट्झ आणि आल्बर्टिनापाशी घोडागाड्या उभ्या असतात. दगडी रस्त्यावर टापांचा आवाज घुमतो. नऊनंतर तिकडे गेलात तर घोड्यांपासून दहा-पंधरा मीटर लांबून जा. पट्टा आखूड धरा, पण ओढून ताणू नका. ताणलेला पट्टा तिला सांगतो की धोका आहे.

मोकळं धावायला दुनाउइन्सेल हे नदीतलं बेट, मेट्रो यू१ने थेट. शहरभर कुंपण घातलेल्या "हुंडेझोन" आहेत, तिथे पट्टा सोडता येतो. एक पूर्ण दिवस डोंगरासाठी ठेवा. ट्रॅम डीच्या शेवटच्या थांब्यापासून, म्हणजे नुसडॉर्फपासून, शहराने आखलेली पायवाट क्रमांक १ काहलेनबर्गवर जाते. सगळा फेरा ११ किलोमीटर, द्राक्षमळ्यांमधून. थकलात तर वरून ३८ए बस हायलिगनश्टाट मेट्रो स्थानकाला उतरवते. लाइन्झर टियरगार्टन मात्र यादीतून काढा. नावावरून प्राणीप्रेमी वाटतं, पण तिथे रानडुकरं आहेत आणि कुत्र्यांना बंदी आहे.

म्युझियमांसाठी पाळी लावा. एक जण दोन तास आत, दुसरा कुत्रीसोबत कॅफेत. बहुतेक कॅफे कुत्र्याला येऊ देतात आणि पाण्याचं भांडंही आणून देतात. पहिल्या संध्याकाळी तिला खोलीत एकटी सोडू नका. नव्या जागेचा वास तिच्या ओळखीचा झालेला नसतो, ती भुंकते आणि हॉटेल तुम्हाला फोन करतं. दुसऱ्या दिवशी भरपूर चालून झाल्यावर आधी दहा मिनिटं, मग तासभर. हॉटेलला तीन गोष्टी लेखी विचारा: एका रात्रीचं कुत्र्याचं शुल्क, खोलीत एकटं ठेवता येतं का, नाश्त्याच्या खोलीत चालतं का. तिसऱ्याला बरेचदा "नाही" येतं.

शीच्या पिशव्या जागोजागच्या खांबांवर फुकट मिळतात. उचला, तपासनीस फिरतात.

नाशिकचा_लॅब

मध्येच विचारतो. भारतातून थेट अशी दहा दिवसांची सहल कुत्र्यासह जमेल का?

गोचीडवैरी

जमते, पण तयारीला चार-पाच महिने. रेबीजबाबत ज्यांना सवलत आहे अशा देशांच्या युरोपीय संघाच्या यादीत भारत नाही. चिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त, आणि ते संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचं. प्रतिपिंडं ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा जास्त हवीत. रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. सरकारी पशुवैद्याने सही केलेलं प्रमाणपत्र सहीपासून दहा दिवसांच्या आत विमानतळावर दाखवायचं. परत भारतात शिरताना क्वारंटाइन विभागाचं ना-हरकत पत्र लागतं, ते हातात येईपर्यंत परतीचं तिकीट काढू नका. दहा दिवसांसाठी मी हा त्रास कुत्र्याला देणार नाही. घरी ओळखीच्या माणसापाशी ते जास्त सुखात राहील.

म्युनिकची_पुणेकर

बूस्टरची वेळ २० ऑगस्टची घेतली, मुसक्याची मापंही घेतली. ती धापा टाकत असताना मोजलं तर घेर तीन सेंटिमीटर जास्त निघाला! आता याच धाग्यावर पुढचं: पुढच्या वर्षी तिला दोन महिन्यांसाठी पुण्याला न्यायचं झालं, तर परतताना आम्हालाही ते तीन महिने लागू होतील का?

गोचीडवैरी

ते टाळता येतात. रक्ताची तपासणी जर्मनीतून निघण्यापूर्वी इथेच करून घ्या आणि निकाल पासपोर्टात नोंदवून घ्या. मग परतताना तीन महिन्यांची अट लागत नाही. पुढचे बूस्टर एकही दिवस न चुकवता दिले तर ती तपासणी आयुष्यभर चालते. पुण्याहून आणताना केलेल्या तपासणीचा अहवाल असेल आणि लसींत खंड पडला नसेल, तर तो डॉक्टरांना दाखवा. २० ऑगस्टला जाताना ती फाइल सोबत घ्या.