आवाजाच्या करारावर सही करावी का? सल्ला हवा आहे

मिरजेची_वाचक

नमस्कार. लांब लिहिते आहे, पण पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचं आहे, तेव्हा सगळं एकदाच मांडते.

मी मराठी ऑडिओबुकं वाचते, तोच माझा व्यवसाय. लहानपणी पोलिओ झाला, व्हीलचेअर वापरते. चाळिशी उलटल्यावर त्याच पोलिओने पुन्हा डोकं वर काढलं आणि छातीचे स्नायूही लवकर थकू लागले. वीसेक मिनिटं सलग वाचलं की थांबावंच लागतं. मोठ्या शहरातल्या स्टुडिओत मला काम मिळणं कठीणच होतं. एक तर जिने, आणि दुसरं म्हणजे स्टुडिओ तासावर घेतलेला असतो. मी दम खात बसले की भाडं चढत राहतं. २०१७मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं ॲप भारतात आलं, मराठी ऑडिओबुकांना गिऱ्हाईक आहे हे बाकीच्यांनाही कळलं, आणि पुढे करोनाच्या काळात घरून रेकॉर्ड करून पाठवलेलं चालू लागलं. मला हे काम मिळालं ते तंत्रज्ञानामुळे, हे मी विसरलेली नाही.

माझा स्टुडिओ म्हणजे कपाट आणि भिंत यांच्यामधली जागा, तिन्ही बाजूंना आजीच्या गोधड्या, पंखा बंद. मे महिन्यात रात्री अकरानंतरच बसता येतं. वाचण्याआधी प्रत्येक पानावर पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करते. मिरजेत गाणं शिकवणारे गल्लोगल्ली आहेत; आमच्या बाईंनी माझ्याकडून एकच गोष्ट घोटवून घेतली होती, की श्वास संपायच्या आधी घ्यायचा. त्यामुळे लांब वाक्यात पहिल्या स्वल्पविरामाला मी चोरटा श्वास घेते, 'आणि'च्या आधी पुरता घेते, आणि क्रियापदापर्यंत हवा शिल्लक ठेवते. मराठी वाक्य क्रियापदावर टेकतं. तिथे आवाज पडला की आधीचं सगळं वाया. ऐकणारे लिहितात, तुमच्या वाचनात ठेहराव आहे. तो ठेहराव माझ्या दुबळ्या फुप्फुसांतून आला आहे आणि तो मी कमावलेला आहे.

आता मुद्दा. ज्या कंपनीसाठी बरीच वर्षं वाचते आहे, तिने नव्या कराराला एक परिशिष्ट जोडलं आहे. माझ्या आजवरच्या सगळ्या रेकॉर्डिंगवरून आवाजाचं 'मॉडेल' (म्हणजे कुठलाही मजकूर माझ्या आवाजात वाचणारं सॉफ्टवेअर) बनवायचा हक्क, "संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज ज्ञात असलेल्या व भविष्यात शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांसाठी". त्याबद्दल एकरकमी पैसे. आतापर्यंत तयार तासाला, म्हणजे संकलन होऊन पूर्ण झालेल्या ऑडिओच्या दर तासाला, मानधन मिळायचं. हे पैसे साधारण दोन पुस्तकांच्या मानधनाएवढे होतात.

फोनवर मला दोन गोष्टी पटवून देण्यात आल्या. पहिली: "ताई, हे अंध वाचकांसाठी आहे. मराठीत हजारो पुस्तकं आवाजाविना पडून आहेत, माणसांकडून वाचून घ्यायला जन्म जाईल." दुसरी: "तुमच्याच सोयीचं आहे. तुम्हाला त्रास नको, घरी आराम करा, आवाज काम करत राहील."

पहिल्या गोष्टीने मी खरंच विचारात पडले. पुस्तक हवं असून वाचता न येणं काय असतं ते मला परकं नाही. आमच्या वाचनालयाला पाच पायऱ्या आहेत. दुसऱ्या गोष्टीचा मात्र फार राग आला. मागच्या वर्षी मी मुदत दहा दिवस वाढवून मागितली होती, श्वासाचं कारण स्पष्ट सांगून. तेव्हा "सिस्टिममध्ये बसत नाही" असं उत्तर आलं होतं आणि ते पुस्तक दुसऱ्याला गेलं. काम देताना माझ्या शरीराची दखल घ्यायला ज्यांना जमलं नाही, त्यांना मला कामातून मोकळं करताना माझी एवढी काळजी वाटते?

तर विचारायचं ते असं. सही करावी का? कायदा काय म्हणतो? आणि इथे कुणी स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे असतील तर मनापासून सांगा, तुम्हाला काय हवं आहे?

समासातली_रेघ

ताई, मी कॉपीराइटच्या कामात आहे, पण मूळ कागद पाहिल्याशिवाय हे पक्कं मत समजू नका.

तुम्ही कायद्याने 'परफॉर्मर' आहात. कॉपीराइट कायद्यातल्या व्याख्येत नट, गायक, व्याख्याता आहेत, अगदी गारुडीसुद्धा आहे, आणि शेवटी "सादरीकरण करणारी अन्य कोणतीही व्यक्ती". २०१२च्या दुरुस्तीने कलम ३८अ आणि ३८ब आली. पहिल्याने सादरीकरण ध्वनिमुद्रित करण्याचा, ते साठवण्याचा, त्याच्या प्रती काढण्याचा हक्क तुमचा. दुसऱ्याने तुमचं नाव लागलंच पाहिजे, आणि सादरीकरणाची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड कुणी करू नये.

कलम १८ची अट जास्त कामाची आहे. करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराचा प्रकार अस्तित्वात नव्हता किंवा व्यापारात आला नव्हता, त्याला तो करार लागू होत नाही, करारात त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज. ही अट कलम ३९अमुळे सादरीकरणाच्या हक्कांनाही लागते. तुमच्या जुन्या करारांत मॉडेलचा उल्लेख नसेल तर याच अटीवर बोट ठेवून बोलता येतं. आणि म्हणूनच त्यांना आता सही हवी आहे, असं मला वाटतं.

हक्कांचं हस्तांतर लेखी असावं लागतं आणि त्यात मुदत, प्रदेश लिहावा लागतो. मुदत लिहिलीच नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर भारत. त्यांनी 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' घातलं आहे ते हे टाळायला. हे दोन्ही शब्द खोडायला सांगा.

जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या प्रकरणात परवानगीशिवाय आवाजाची कृत्रिम नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम आदेश दिला. मात्र तिथे प्रसिद्ध गायकाच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांचा, म्हणजे स्वतःचं नाव, चेहरा, आवाज यांवरच्या हक्कांचा प्रश्न होता. तुमचं किंवा माझं नाव तेवढं मोठं नाही, त्यामुळे आपल्याला कागदच सांभाळावा लागतो.

मुदतवाढीबद्दल एक. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ पाहा. भेदभावाच्या व्याख्येतच 'वाजवी सोय नाकारणं' धरलेलं आहे. तुम्ही पगारी नोकर नाही म्हणून हा मार्ग सरळ नाही, पण पत्रात हे वाक्य जरूर घाला.

लातूरचा_श्रोता

ताई, मी जन्मांध आहे, सरकारी कार्यालयात काम करतो. तुम्ही आम्हाला विचारलंत याचं बरं वाटलं. आमचं नाव घेऊन बोलणारे पुष्कळ भेटतात, विचारणारे कमी.

मी दिवसभर कृत्रिम आवाजच ऐकतो. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आहे. २००६मध्ये ऑस्ट्रेलियात दोन अंध तरुणांनी त्याची सुरुवात केली, ते फुकट आहे, आणि त्याच्या जोरावर माझी नोकरी चालते. मी ते इतक्या वेगात ठेवतो की शेजारी बसलेल्याला एक अक्षर कळत नाही. शासन निर्णय, बँकेचे कागद, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, वर्तमानपत्र, सगळं त्या रुक्ष आवाजात. तिथे मला निवेदक नको असतो, तो मध्ये येतो. म्हणजे यंत्राचा आवाज वाईट असं मी कधीच म्हणणार नाही.

कादंबरी मात्र मी माणसाकडून ऐकतो. मला चेहरा दिसत नाही. म्हातारी बोलतेय की सून, ती चिडलीय की रडू आवरतेय, हे मला आवाजातूनच कळतं. ते तुम्ही करता.

"अंधांसाठी" म्हणणाऱ्यांना दोन प्रश्न विचारा. कायद्यात आमच्यासाठी आधीच वाट आहे. कॉपीराइट कायद्याच्या ५२(१)(झेडबी) खाली दिव्यांगांना वाचता येईल अशी प्रत ना-नफा तत्त्वावर बनवायला हक्कधारकाची परवानगी लागत नाही. अशा प्रतींसाठी झालेला माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार मंजूर करणाऱ्या देशांत भारत पहिला, २०१४ साली. सुगम्य पुस्तकालय, म्हणजे अशा पुस्तकांचं ऑनलाइन वाचनालय, २०१६पासून चालू आहे. कंपनी आमच्यासाठी करतेय तर या वाटेने करणार का, आणि ती फाइल आम्हाला फुकट मिळणार का? की वर्गणी भरणाऱ्या सगळ्यांना विकणार?

दुसरा प्रश्न, त्यांच्या ॲपची बटणं बोलतात का? मी एका ॲपची वर्गणी भरली होती. पुस्तक उघडलं की माझा फोन म्हणायचा, "बटण. बटण. बटण." कुठलं चालू करायचं, कुठलं मागे न्यायचं, काही पत्ता नाही. बटणांना नावं द्यायला फारसा वेळ लागत नाही. मी तीनदा लिहून कळवलं, काही झालं नाही. ज्यांना आमची खरंच कळकळ आहे त्यांनी आधी तेवढं करावं, मग तुमचा आवाज मागावा.

संकलक_कोथरूड

थोडं वेगळं मत मांडतो. मी ऑडिओबुकांचं संकलन करतो. एक तयार तास म्हणजे दोन-तीन तासांचं रेकॉर्डिंग, त्यावर माझे तास, त्यावर तपासणी. ज्या मराठी पुस्तकाची हजाराची आवृत्ती संपायला वर्षं लागतात, त्यावर हा खर्च कुणी करत नाही. ती पुस्तकं माणसाच्या आवाजात येणारच नाहीत, म्हणजे कंपनीचं पहिलं म्हणणं अगदीच खोटं नाही.

शिवाय तुम्ही नाही म्हटलंत तर ते दुसऱ्याकडे जातील. मॉडेल अजून चुकतं: 'चहा'तला च आणि 'चांगला'तला च त्याला वेगळे कळत नाहीत, मालवणी-वऱ्हाडी संवाद आले की तोंडावर आपटतं. पण ते सुधारत जाणार. आज तुमच्या आवाजाला किंमत आहे तोवर ती वसूल करा, असं मी म्हणेन. फक्त एकरकमी घेऊ नका. मॉडेलकडून बनलेल्या प्रत्येक तासाला पैसे आणि प्रत्येक पुस्तकाला वेगळी संमती मागा.

आणखी एक. सही केली नाही म्हणजे तुमची जुनी रेकॉर्डिंग सुरक्षित, असं धरू नका. त्यांच्याकडे तुमच्या स्वच्छ फाइली आहेत. मॉडेलसाठी वापरलेल्या नाहीत आणि वापरणार नाही, असं लेखी घ्या.

मिरजेची_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री पुन्हा पुन्हा वाचलं.

संकलकदादा, पैशांचं तुमचं गणित मला मान्य आहे, पण त्यातलं एक मला पटत नाही. मॉडेल ज्या श्वासांवरून शिकणार ते श्वास त्यांच्या सॉफ्टवेअरला दोष वाटतात. संकलनाच्या वेळी ते काढून टाका अशी सूचना तुम्हालाही येत असेल. म्हणजे तयार होणारा आवाज माझाच, फक्त न थकणारा, मुदत न मागणारा. उद्या तोच माझ्यासमोर माप म्हणून ठेवला जाईल, आणि माझ्यासारख्या दुसऱ्या कुणालाही. एखाद्या निवेदिकेला संधिवात असेल, कुणी बाळंतपणातून नुकती उठलेली असेल. तिला सांगतील, बघा, हा आवाज रात्रंदिवस वाचतो. दोन पुस्तकांच्या पैशांत मी ते करून देणार नाही.

लातूरकर, तुमचं पटलं, म्हणून सरसकट नाही म्हणत नाही. असं लिहून देणार आहे: कादंबरी, कथा, आत्मचरित्र यांसाठी मॉडेल नाही. ना-नफा तत्त्वावर, दिव्यांग वाचकांना फुकट मिळणाऱ्या पाठ्यपुस्तकांसाठी आणि माहितीच्या पुस्तकांसाठी परवानगी, दोन वर्षांपुरती, पुस्तकांची यादी आधी दाखवून. आवाज कृत्रिम आहे हे सुरुवातीलाच ऐकवायचं. जुन्या फाइलींबद्दल लेखी हमी. आणि माझ्या स्वतःच्या वाचनासाठी तयार तासामागे जास्त दिवसांची मुदत करारातच घालायची, दर वेळी विनवण्या करायच्या नाहीत. ॲपच्या बटणांचा मुद्दाही घालते. तुम्हाला चालणार असेल तर कुठली बटणं मुकी असतात त्याची यादी द्या, ती जशीच्या तशी जोडते.

ते नाही म्हणण्याची शक्यता जास्त आहे. हातात असलेल्या कादंबरीची सात प्रकरणं उरली आहेत, ती जुन्या करारात आहेत, ती पूर्ण करून देणार. पुढचं काम गेलं तर शाळेच्या मुलांना वाचन शिकवायचे वर्ग घ्यायचा विचार आहे, घरीच, तळमजल्यावर.

रेघ, परिशिष्टाची दोन पानं नाव झाकून व्यक्तिगत निरोपात पाठवते. 'सर्व माध्यमांसाठी'च्या जागी काय लिहायचं तेवढं सांगाल?