व्हीलचेअरवाल्यांनी फाटकातून जाऊच नये म्हणे!

चाकांवरचा: काल आमच्या गोव्यातल्या गावच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "व्हीलचेअरवाल्यांनी रेल्वे फाटक एकट्याने ओलांडू नये, घरचं कोणीतरी सोबत न्यावं, उगाच गेटमनच्या डोक्याला ताप." त्याला चाळीसेक अंगठे! म्हणून हे लांबलचक लिहितोय, वाचायचं नसेल तर पुढे सरका.

माझं घर रुळांच्या ह्या बाजूला. पोदेर (पाववाला), बँक, फार्मसी सगळं त्या बाजूला. फाटकाचं नाव मुद्दाम घेत नाही, गेटमन भला माणूस आहे. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान मांडीवर घेऊन येत होतो, बारीक पाऊस. रस्ता रुळांना तिरका जातो, पुढचं छोटं चाक रुळालगतच्या खाचेत उतरलं आणि वळून रुळाच्याच दिशेने बसलं. मागची चाकं रेटतोय, खुर्ची ढिम्म हलत नाही, आणि वर भोंगा सुरू. एका मासळीवालीने डोक्यावरची पाटी खाली टाकली आणि मला खुर्चीसकट मागे ओढलं. गाडीला अजून सात-आठ मिनिटं होती हे मागाहून कळलं. सोबत न्या म्हणे! बायको कामाला, आईचं वय ७८. तिला ढकलायला लावू?

जुना_रेल्वेवाला: वाईट वाटलं, पण अर्धवट माहितीवर रेल्वेला झोडपू नका. ती खाच ५१ ते ५७ मिलिमीटर ठेवावीच लागते, गाडीच्या चाकाची कड तिथून जाते, बुजवली तर गाडी घसरेल. आणि इंटरलॉक फाटक बंद होऊन लॉक झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. तुम्ही मध्ये अडकलात तर गेटमन बंद करणार नाही, गाडी बाहेर उभी राहील. खरा धोका दांड्याखालून स्कूटर वाकवून घुसवणाऱ्यांचा. एकाला हटकलं तर मलाच आयमाय काढून शिव्या.

चाकांवरचा: माझं पुढचं चाक जाडीला ३० मिमी. तुमच्या ५७ मध्ये ते आरामात झोपतं, हिशेब तुम्हीच करा. आणि सगळी फाटकं इंटरलॉक नसतात, काही ठिकाणी अजून स्टेशनमास्तरशी फोनवर प्रायव्हेट नंबर (खात्रीसाठीचा गुप्त आकडा) घेऊन चालतं. भोंगा वाजताना खाचेत बसलेल्याने काय इंटरलॉकिंगचा अभ्यास करायचा?

आवयचो_पूत: बाहेरच्या देशात त्या खाचेत रबर भरतात. चाकाखाली दबतं, परत वर येतं. इथे कोणी विचारही करत नाही.

जुना_रेल्वेवाला: ते हळू गाड्यांच्या लायनीला ठीक. मालगाड्यांच्या वजनाखाली किती टिकणार?

कुळेंकर: आला ना मुद्दा! मालगाड्या. आपल्या लायनीचा डबल ट्रॅक झाला की दोनाच्या चार खाचा, आणि एक गाडी गेली म्हणून निघालात की दुसरी समोरून. हे सगळं कोळशासाठी. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले ते काय हौस म्हणून? २०२२ साली सुप्रीम कोर्टाने कॅसलरॉक-कुळें पट्ट्यातल्या डबल ट्रॅकची वन्यजीव मंजुरी रद्द केली ती उगाच?

मडगावकार: झालं, कोळसा आलाच! पात्रांव (मालक), मी रोज पॅसेंजरने वास्कोला जातो, क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरची गाडी जाऊ द्यायला, अर्धा अर्धा तास उभं राहून पाय सुजतात. डबल ट्रॅक मलाही हवाय.

कुळेंकर: तुमच्या पॅसेंजरी कितीशा? बाकी वाघिणीच, कोळशाचे डबे. आमच्या अंगणात कपडे वाळत घाला आणि संध्याकाळी हात लावून बघा.

मडगावकार: मग वीज वापरू नका.

कुळेंकर: वीज? तो कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना जातो. पेपर वाचत जा.

आवयचो_पूत: अहो, माणूस खाचेत अडकला होता, त्याला बाहेर काढा आधी.

सावर्ड्याची_सून: माझे सासरे वॉकर घेऊन चालतात. फूटब्रिजने जा म्हणतात, वर चढायला चाळीस-पन्नास पायऱ्या! मोटारसायकल पायलट (भाड्याने मागे बसवून नेणारा) आधी वॉकर बघतो, मग गाडी वळवतो. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. पर्पल फेस्टला (अपंगांच्या महोत्सवाला) पणजीत सगळीकडे रॅम्प, आमच्या फाटकावर मात्र डांबर उखडून रूळ बोटभर वर.

जुना_रेल्वेवाला: डांबराचं मान्य, पॅकिंगच्या (रुळांखाली खडी ठासायच्या) कामाला रस्ता उखडतात आणि नंतर धड बसवत नाहीत. बाकी, खाच सरळ काटकोनात घेतली तर चाक वळत नाही. तिरक्या रस्त्यावरही रुळांपाशी खुर्ची सरळ करायची. नाहीतर उलटं, मोठी चाकं आधी.

चाकांवरचा: उलटं जायचं म्हणजे गाडी येतेय का ते पाठीच्या डोळ्यांनी बघायचं, छान. शिवाय सरळ करायला जागा कुठाय, डाव्या बाजूला डंपर, उजव्या बाजूला हॉर्न वाजवणारा टुरिस्ट, रेंट-अ-कार. पण हां, काटकोनाचं मला दवाखान्यात कोणी सांगितलं नव्हतं. खुर्ची दिली आणि सही घेतली.

जुना_रेल्वेवाला: तुमच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. रस्ता तिरका असेल तर पायी जाणाऱ्यांसाठी बाजूला काटकोनातली पट्टी करता येते, फार खर्च नाही. अर्जात हे लिहा, "सुरक्षेकडे लक्ष द्यावे" असलं मोघम लिहू नका, तसला अर्ज फायलीत जातो. मिलिमीटर घाला, फोटोत मोजपट्टी ठेवा.

चाकांवरचा: मोजपट्टी धरायला खाली वाकणार कोण?

जुना_रेल्वेवाला: मी येतो. रविवारी सकाळी. गेटमनला आधी सांगा, नाहीतर रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली, रुळांवर घुसल्याबद्दल, मलाच आत टाकतील.

कुळेंकर: येताय तर मालगाड्या पण मोजा.

मडगावकार: 🙏 ह्याला कोणीतरी म्यूट करा रे.