एन-खुणेचा जुना टायर की बिनखुणेचा ताजा?

सह्यवाट (मूळ लेखन)

माझ्याकडे पोर्शची 718 केमन ही स्पोर्ट्स कार आहे. मूळ मॉडेल आहे, ‘एस’ नव्हे. चाके मात्र 19 इंची आहेत. मागच्या दोन्ही टायरची नक्षी आतल्या कडेला दोन मिलिमीटरपर्यंत झिजली आहे, तर पुढच्या टायरची अजून पाच मिलिमीटर शिल्लक आहे. कायद्याने 1.6 मिलिमीटरपर्यंत चालत असले, तरी एवढ्या नक्षीवर पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरून पावसाळा काढण्याची माझी तयारी नाही.

अधिकृत विक्रेता एन-खुणेचेच टायर घ्या असा आग्रह धरतो. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, एन0, एन1 अशी खूण असलेला टायर पोर्शने स्वतः तपासून त्या गाडीसाठी मान्य केलेला असतो. मात्र त्याच्याकडे शिल्लक असलेले टायर तीन वर्षांपूर्वीचे आहेत आणि नवी खेप कधी येईल याचे उत्तर मिळत नाही. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हापासून कमी खपाच्या मापांची ही रड चालूच आहे. दुसऱ्या एका दुकानात त्याच कंपनीचे, त्याच नावाचे आणि त्याच मापाचे, म्हणजे पुढे 235/40 व मागे 265/40 (मिलिमीटरमध्ये रुंदी / रुंदीच्या किती टक्के साइडवॉलची उंची), यंदा तयार झालेले टायर आयएसआय खुणेसह उपलब्ध आहेत. त्यांच्यावर केवळ ‘एन’ नाही, आणि किंमतही बरीच कमी आहे.

माझे मत असे की समृद्धी महामार्गावरसुद्धा जिथे 120 ची मर्यादा आहे, तिथे ताशी 300 किलोमीटरसाठी प्रमाणित असलेल्या टायरवर आणखी एका खुणेचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. ताजे रबर अधिक मोलाचे आहे. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी कारणासह लिहावे.

मोजपट्टी

पटत नाही. एन-खूण ही केवळ कमाल वेगाची हमी आहे, या समजावर आपला सगळा युक्तिवाद उभा आहे. केमनचे इंजिन मध्यभागी, चालकाच्या पाठीमागे आहे. वजनाचा मोठा भाग मागच्या चाकांवर असतो आणि मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. अशा गाडीत पुढचा टायर वळणाला किती लवकर प्रतिसाद देतो आणि मागचा किती वेळ पकड धरून ठेवतो, यांचा मेळ बसवावा लागतो. खुणेसाठीच्या चाचण्यांत ओल्या रस्त्यावरची पकड, ब्रेक लावतानाचे वर्तन आणि पुढच्या-मागच्या टायरचा हा मेळ तपासला जातो. हा प्रश्न ताशी 80 च्या वेगाने घाटातले वळण घेतानाही येतो, त्यासाठी 300 गाठावे लागत नाही.

दुसरे, आपण ‘तेच माप’ म्हणता, पण साइडवॉल शेवटपर्यंत वाचली का? मागच्या मापात एन-खुणेच्या टायरवर बहुधा 98वाय असते (आकडा टायर पेलू शकणाऱ्या भाराचा, ‘वाय’ ताशी 300 च्या वेगाचा), तर बिनखुणेच्या टायरवर पुष्कळदा 102वाय आणि जोडीला एक्स्ट्रा लोड, म्हणजे जादा भारासाठी बांधलेला टायर, अशी नोंद. 98 म्हणजे 750 किलो आणि 102 म्हणजे 850 किलो, तेव्हा ग्राहकाला वाटते की अधिक मजबूत टायर स्वस्तात मिळाला. परंतु युरोपीय प्रमाणानुसार एक्स्ट्रा लोड टायर आपली पूर्ण क्षमता 2.9 बार हवेला गाठतो, साधा टायर 2.5 बारला. गाडीच्या दाराजवळ लावलेल्या हवेच्या दाबाच्या तक्त्यानुसार साध्या टायरइतकीच हवा भरली, तर हे वरचे 100 किलो जवळजवळ नाहीसे होतात आणि आपल्या पदरात फक्त कडक साइडवॉल पडते. आपल्या रस्त्यांवर ती कडक साइडवॉल कंबरेला जाणवते, हे वेगळे सांगायला नको.

घाटपायथा

मोजपट्टी यांचे गणित मान्य, निष्कर्ष अमान्य. हवेचा दाब थोडा कमी-जास्त करून तो फरक बराचसा आटोक्यात आणता येतो. जुने झालेले रबर मात्र कशानेही पुन्हा मऊ होत नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये हॉलिवूड अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्श करेरा जीटीच्या अपघातात मरण पावला, तिचे टायर सुमारे नऊ वर्षांचे होते, असे तपासात आढळले होते. अपघाताचे मुख्य कारण बेदरकार वेग हेच ठरले, हे खरे. तरी एवढ्या जुन्या टायरमुळे गाडीवरचा ताबा कमी झाला असू शकतो, हेही तपासकांनी नोंदवले होते.

धागाकर्त्यांनी उत्पादनाचा आठवडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. चार आकडे असतात: 2322 म्हणजे 2022 चा तेविसावा आठवडा. हे आकडे बहुधा एकाच बाजूला असतात, त्यामुळे टायर बसवल्यावर ती बाजू आत गेली तर गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय दिसत नाहीत. टायर रिमवर चढण्यापूर्वीच पाहून घ्यावेत.

नेकारकाठ (स्टुटगार्ट)

नऊ वर्षे गाडीखाली राहिलेल्या टायरचा दाखला तीन वर्षे गोदामात राहिलेल्या टायरला लावणे हे जरा ताणलेले आहे. जर्मनीत नीट साठवलेला, न वापरलेला तीन वर्षांचा टायर नवा म्हणूनच विकला जातो आणि इथले ग्राहक काही कमी चिकित्सक नाहीत. प्रश्न साठवणुकीचा आहे. तो टायर अंधाऱ्या, थंड जागेत होता की पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेचे उन्हाळे काढून आला, हे विक्रेत्याला विचारा. उत्तर गोलमाल आले तर माझेही मत आपल्या बाजूने.

अवांतर: एन0 पेक्षा एन1 ‘वरचा’, असा समज इथेही आढळतो. तो आकडा दर्जा दाखवत नाही. त्याच टायरची नंतर मान्य झालेली सुधारित आवृत्ती दाखवतो. पुढे एन0 आणि मागे एन1 अशी सरमिसळ मात्र पोर्श टाळायला सांगते.

फेरीबाज

सगळे जण साध्या रस्त्याच्या टायरवरच भांडत आहात. वर्षातून एकदा तरी बुद्ध सर्किटवर, म्हणजे नोएडाजवळच्या शर्यतीच्या ट्रॅकवर, जाणार असाल, तर सरळ कप 2 प्रकारचे, ट्रॅकसाठी बनलेले टायर घ्या. तसली पकड दुसरीकडे मिळणार नाही.

घाटपायथा

धागाकर्त्यांनी पहिल्याच परिच्छेदात ताम्हिणी आणि पावसाळा लिहिले आहे. त्या टायरची नक्षी मुळात उथळ, चर मोजके; साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगू लागतो. ट्रॅकसाठी वेगळी चाके ठेवणाऱ्याने हा सल्ला जरूर घ्यावा.

मोजपट्टी

एक गोष्ट सर्वांकडून निसटली. नक्षी आतल्या कडेलाच का झिजली? मागच्या चाकांना मुळातच आत झुकलेला कोन दिलेला असतो, त्यामुळे थोडी झीज अपेक्षित आहे; पण मधला भाग शाबूत आणि कड गोटा झाली असेल, तर अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) बिघडले असण्याची शक्यता मोठी. तसे असेल तर खूण असो वा नसो, नवे टायरही त्याच वाटेने जातील. आधी अलाइनमेंटचा छापील अहवाल घ्या, पैसे नंतर मोजा.

सह्यवाट

अलाइनमेंटचा मुद्दा शंभर टक्के मान्य; या आठवड्यात करून घेतो. एक्स्ट्रा लोडबद्दलही मोजपट्टी बरोबर निघाले: दुकानातल्या मागच्या टायरवर 102 आहे. तरीही तीन वर्षांच्या मालाला नव्याची किंमत देण्यास मन धजत नाही. विक्रेत्याने किमतीत सूट द्यायलाही नकार दिला.

दरम्यान मला तिसराच मार्ग दिसू लागला आहे. या गाडीला कंपनीकडूनच 18 इंची चाके येत होती, पुढे 235/45 आणि मागे 265/45. पुढच्या टायरचा एकूण व्यास 19 इंचीशी तुलना करता जेमतेम दोन मिलिमीटरने बदलतो, पण साइडवॉल 94 ऐवजी 106 मिलिमीटर होते. खड्ड्यात रिम वाकणे आणि साइडवॉलला फुगा येणे या दोन्ही कटकटी त्याने कमी व्हाव्यात. या मापात एन-खुणेचे ताजे टायर मिळाले, तर वादच मिटेल.

नेकारकाठ (स्टुटगार्ट)

चाकांचा जोड कंपनीचाच, योग्य ऑफसेटचा (चाक किती आत वा बाहेर बसते ते माप) मिळाला तर उत्तम विचार.

मोजपट्टी

वाद मिटत नाही, फक्त खर्च वाढतो. चार टायरच्या खर्चात आता चार चाकांची भर पडली; त्यातून वाचणारे पैसे शोधायला दुर्बीण लागेल. शिवाय वळणात शिरताना 19 इंचीची जी तडफ असते ती थोडी बोथट होते, आणि आपण ही गाडी त्याच तडफेसाठी घेतली असावी. विक्रेत्याकडून उत्पादनाचा आठवडा आणि साठवणुकीची जागा लेखी घ्या. ती समाधानकारक असेल तर एन-खुणेचे टायर चारही चाकांना एकदमच बसवा, कारण पुढचे पाच मिलिमीटरवाले गाडीसोबतच आलेले असतील तर वयाने ते या तीन वर्षांच्या टायरपेक्षा नक्कीच थोरले आहेत.

घाटपायथा

म्हणजे टायरचे वय मोजायचे असते, हे शेवटी मोजपट्टी यांनीही मान्य केले. पुढचे टायर बदलण्यावर आपले एकमत. मागच्यांबाबत मी अजूनही यंदाच्याच टायरच्या बाजूने आहे, 102 सह.