मदत हवी आहे: यूएसबी ३.० चं कार्ड लॅपटॉप ओळखतच नाही

चिडका_बिब्बा:
जुन्या लॅपटॉपसाठी यूएसबी ३.० चे दोन पोर्ट देणारं कार्ड घेतलं. खाचेत घातलं तरी ढिम्म. ड्रायव्हर टाकून झाला, रीस्टार्ट झाला. आज रात्रीत बॅकअप घ्यायचाय, लवकर सांगा.

खटपट्या:
विंडोज कुठली? कार्डची रुंदी ३४ मिमी की ५४? डिव्हाइस मॅनेजर काय म्हणतो?

चिडका_बिब्बा:
विंडोज ७. कार्ड अरुंदवालं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच नाही, पिवळं चिन्हसुद्धा नाही.

पेंग्विनप्रेमी:
सेव्हनमध्ये ३.० चा ड्रायव्हर मुळात नसतोच, तो ८ पासून आला. सरळ लिनक्स टाका. त्याच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) २.६.३१ पासून सपोर्ट आहे, शोधाशोध नको.

खटपट्या:
अहो, ड्रायव्हरचा घोळ असता तर निदान 'अननोन डिव्हाइस' तरी दिसलं असतं. बिब्बासाहेब, कार्ड खट्कन बसतं का? खाचेत टॉर्च मारून बघा.

सुपरफास्ट:
एसएसडी टाकलीय का? मशीन नुसतं पळेल.

चिडका_बिब्बा:
एसएसडीचं कोणी विचारलं? कार्ड बसत नाही, डावी-उजवीकडे हलतं. आत बारीक पिनांच्या दोन रांगा आहेत. त्याचा काय संबंध?

खटपट्या:
सगळा संबंध तिथेच. ती ६८ पिनांची पीसी कार्डची खाच आहे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कार्डांची, बहुधा कार्डबस प्रकारची. तुमचं कार्ड त्यानंतर आलेल्या एक्सप्रेसकार्ड प्रकारचं. ते पीसीआय एक्सप्रेसवर चालतं, कार्डबस जुन्या ३२ बिटी पीसीआयवर, म्हणून जुळत नाही. आधी बाहेर काढा, पिना वाकतील.

पेंग्विनप्रेमी:
तरी लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून) एलएसपीसीआय ही जोडलेल्या कार्डांची यादी देणारी कमांड मारून बघायला काय हरकत आहे?

खटपट्या:
जे जोडलेलंच नाही ते कर्नलला कुठून दिसणार?

जुनाजाणता:
तुम्ही सुखी आहात. विंडोज एनटी ४ मध्ये असं कार्ड बदलायचं तर आधी मशीन बंद करावं लागे. मोडेम, नेटवर्क, सगळ्याला तेच.

चिडका_बिब्बा:
अ‍ॅडॉप्टर मिळतो म्हणे?

खटपट्या:
मिळतो, पण त्यात आतून यूएसबीवर चालणारी एक्सप्रेसकार्डंच चालतात. हे त्यातलं नाही. वेग हवाच असेल तर कार्डबसचं ईसाटा (बाहेरची डिस्क जोडायचा वेगळा पोर्ट) कार्ड बघा. कार्डबसची मर्यादा कागदावर सेकंदाला १३३ एमबी, प्रत्यक्षात कमीच, पण यूएसबी २.० पेक्षा बरं. डिस्कच्या पेटीला ईसाटा आहे ना?

चिडका_बिब्बा:
नाही. लॅपटॉपच्या २.० पोर्टलाच लावलीय, रात्रभर चालू दे. कार्ड परत घेतात का बघतो.

सुपरफास्ट:
मग एसएसडीचं काय ठरलं?