वस्तूपेक्षा दोस्त मोठा : बालवाडीसाठी चित्रपुस्तक कसं बेतावं?

गोदाकाठ : नाशिकरोडच्या एका बालवाडीसाठी 16 पानी चित्रपुस्तक करायचंय, मुलं 4 ते 6 वर्षांची. गोष्ट अशी: श्रीमंत मुलाकडे झकास पतंग असतो, तो कुणाला हात लावू देत नाही. शेवटी पतंग देऊन टाकतो, मग सगळे त्याचे मित्र होतात. काहीतरी खटकतंय. छपाईचंही सांगा.

पानोपानी : शेवट खटकतोय. पतंग दिला, मित्र मिळाले, म्हणजे सौदाच झाला. मार्कुस फिस्टर यांच्या 'द रेनबो फिश' (1992) या चित्रपुस्तकातला मासा आपले चमचमते खवले वाटून मित्र मिळवतो; त्यावरही अनेक जण हाच आक्षेप घेतात.

अडचण पतंगातच शोधा ना! आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, एकानं धरायची, दुसऱ्यानं लांब जाऊन पतंग उचलायचा. पतंगवेड्या येवल्याच्या पोरांना हे सांगावं लागत नाही. त्याला एकट्यालाच उडवू द्या. आसारी घरंगळते, दोरा गुंततो, पतंग जमिनीवर नाक घासतो. तीनदा फसू दे, पण दर वेळी वेगळ्या कारणानं. शेजारची मुलगी येईल ती पतंग मागायला नाही, गुंता सोडवायला. शेवटी पतंग कटतो आणि दोघं आरडाओरडा करत मागे धावतात. तिथेच थांबा. बक्षीस म्हणून नवा पतंग दिलात तर पुन्हा वस्तूच जिंकली.

'श्रीमंत' शब्द काढा, नाहीतर वर्गातली मुलं कुणाकडे तरी वळून बघतील. आणि चित्रात साधा दोरा दाखवा, नायलॉन मांजावर बंदी आहे.

शाईपट्टी : पानं चारच्या पटीत हवीत. ए-फोरचे 4 कागद दुमडले की ए-फाइव्हची 16 पानं होतात, पण वीस मुलांपुढे एवढं पुस्तक मागच्या रांगेला दिसणार नाही. ए-थ्रीहून जरा मोठ्या कागदावर छापा आणि दुमडून, कापून ए-फोर करा. आत 130 जीएसएमचा (चौरस मीटरला 130 ग्रॅम) कागद, कव्हर वेगळं 250 चं, घडीवर दोन पिना. कडेला 3 मिमी रंग जास्त सोडा, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते. अक्षर 24 पॉइंट, पानाला दोनच वाक्यं.

सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला 16 आणि 1, मागे 2 आणि 15 ही पानं येतात. समोरासमोरची पानं एकाच कागदावर फक्त मधोमध, 8-9 ला. बाकी ठिकाणी सलग चित्राचे दोन तुकडे होतात आणि मिलीमीटरभर सरकले तरी दिसतं.

खडूफळा : वाचून झाल्यावर 'यातून काय शिकलात?' विचारू नका, मुलं पाठ केलेलं उत्तर देतात. दोरा गुंतलेल्या पानावर थांबा आणि विचारा, 'आता आसारी कोण धरेल?' पानं बेतण्याआधी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची पातळी 1 आणि 2 ची मराठी पुस्तकं चाळा, फुकट आहेत.

गोदाकाठ : मग धावतानाचं सलग चित्र? ते तर 14-15 वर येतंय.

शाईपट्टी : मुलगा 14 वर, मुलगी 15 वर. घडीवर नुसतं आभाळ ठेवा, पतंग पूर्ण उजव्या पानावर.